सुरू का होते?

६ जानेवारी, देवास
पहाटे पारा ८ अंशांवर. हीटरचा दिवा विझला, पहिल्याच सेल्फला गाडीने घेतलं. थोडा वेळ नीट चालली, मग आचके देत बंद पडली. पुढच्या वेळी सेल्फ बराच मारावा लागला. पण एकदा धरल्यावर दिवसभर तक्रार नाही. गाडी जुनी, रोटरी पंपाची. कॉम्प्युटरचा मामला नाही.

गल्लीत लगेच दोन पक्ष पडले. थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन राजे एकाच वेळी नांदलेलं हे गाव, इथे एकमत कशाला होईल? शेजारचे काका म्हणतात, ‘थंडीनं हीटर प्लग गेले.’ समोरचे म्हणतात, ‘फ्युएल पंप गेला. इंदूरला नेऊन उघडा.’ पंप उघडायचा म्हणजे खिसाही उघडायचा. आणि संक्रांतीला ताईकडे धारला जायचंय.

७ जानेवारी
बंद का पडते, हे सगळे विचारतात. सुरू का होते, हे कुणी विचारत नाही. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सुमारे २२ पट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं आणि तीत डिझेलचा फवारा आपणच पेट घेतो. पहिल्या सेल्फला घेते, म्हणजे बॅटरी ठीक, दाब ठीक. हीटर गेले असते तर एवढ्या थंडीत सहजी घेतलंच नसतं, आणि घेतलं असतं तर पांढरा धूर ओकली असती. अर्ध्या शंका इथेच मिटल्या.

उरली बंद पडण्याची तऱ्हा. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर सुटली असती तर चावी फिरवल्यावर पडते तशी एका क्षणात बंद पडली असती. ही तर अडखळत, दम तुटत जाते, आणि रोज वेगवेगळ्या वेळाने. म्हणजे वीज नाही, डिझेल. पंपात उरलेल्या डिझेलवर सुरू होते. टाकीतलं मागोमाग पोचत नाही.

८ जानेवारी
काकांच्या थंडीलाही न्याय दिला. थंडीत डिझेलमध्ये मेणाचे कण धरतात आणि फिल्टर चोंदतो, हे खरंच. पण आपल्याकडच्या मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून पार व्हायला हवं. उन्हाळ्यातल्या डिझेलला ती सूट १८ पर्यंत. आज गाडी मुद्दाम दुपारी चांगलं ऊन चढेपर्यंत हलवली नाही. भर उन्हात सुरू केली. तशीच आचके देत बंद. थंडी निर्दोष.

फिल्टरची मुदत भरलीच होती, संध्याकाळी तो बदलला. खालचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, चमचाभर निघालं. हातपंप दाबून हवा काढली. गाडी झकास चालली.

९ जानेवारी
सकाळी पुन्हा तेच. हेही काही कमी कळलं नाही. हवा काढली की चालते आणि रात्रभर उभी राहिली की बिघडते. रात्रीतून कुठून तरी हवा शिरते आणि नळीतलं डिझेल उताराने टाकीकडे परत जातं. पण गाडीखाली डिझेलचा एक थेंब नाही! समोरच्यांचा यावरच भर: ‘गळती असती तर ओलं नसतं का?’

१० जानेवारी
आग्रा रोडवरच्या मिस्त्रींकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हवा ले रही है. पंप को मत छेड़ो.’

आधी पंपाची नळी सोडवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घातली. इंजिन एका लयीत चालू राहिलं. पंप निर्दोष. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. तीत बुडबुड्यांची रांग. तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली, डिझेल नितळ. म्हणजे हवा फिल्टरच्या डोक्यातूनच शिरते. हातपंप उघडला तर आतला रबरी पडदा चिरलेला. फिल्टर नवा असला तरी डोकं जुनंच होतं. तेही बदललं.

समोरच्यांच्या थेंबाचं उत्तरही मिळालं. या गाडीत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकीतच मोटर बसवलेली असेल आणि ती डिझेल पुढे ढकलत असेल, तर तशीच फट ओली दिसते.

१४ जानेवारी, धार
तिळगुळाचा डबा घेऊन इंदूरवरून दुपारपर्यंत पोचलो. वाटेत पीथमपूरचे फाटे लागले. गाड्यांची परीक्षा घ्यायला तिथे ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. आमच्या गाडीची परीक्षा वीतभर नळीवर झाली.

१५ जानेवारी
रात्रभर अंगणात उभी असूनही सकाळी घेतलं आणि चालत राहिली. ताईने लगेच मेहुण्यांची नवी गाडी पुढे केली: तीही अधूनमधून सुरू होऊन बंद पडते म्हणे. ती कॉमन रेलची. तिथे प्रश्न तेच, साधनं वेगळी. आधी स्कॅनर लावून रेलमधला दाब बघायचा, कारण तो पुरेसा चढला नाही तर कॉम्प्युटर डिझेल सोडतच नाही. नेमक्या त्याच सेकंदाला बंद पडत असेल तर इमोबिलायझरवर संशय. मेहुणे पाना घेऊनच उभे होते. त्यांना म्हटलं, इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे मुळीच नको. रेलमध्ये दाब १००० बारच्या वर जातो, बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत शिरतो. त्यांनी पाना ठेवला आणि सेल्फ मारून मोबाइलवर सेकंद मोजायला घेतले.