गाठीवर बोट

शाळेचा सामना संपल्यापासून पेठेला निकाल कळेपर्यंत साधारण अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासाचे मालक आम्ही होतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून डबलसीट निघालं की मिरजकर तिकटीलाच पहिली हाक यायची, "काय झालं रं?" जिंकलो असलो तर सायकल थांबवून सांगायचं, हरलो असलो तर पेडल मारत मारत. तिकटीला सांगितलेला गोल साधा, पेनल्टी बॉक्समधून मारलेला असायचा. बिनखांबी गणपतीपाशी तोच गोल वीस यार्डांवरून झालेला असे. खरी कॉर्नरला तो बारला लागून आत गेलेला असे, आणि शिवाजी पेठेत घराच्या उंबऱ्यावर पोचेस्तोवर मारणाऱ्याने आधी तिघांना चकवलेलं असे. आज्जी विचारायची, "जिंकलासा काय?" तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ती गोल शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि मग पाय धुऊन यायला सांगायची.

आता पोरगं गोल करतं, आणि चेंडू जाळ्यातून बाहेर यायच्या आत तो गोल तीन ग्रुपवर पडलेला असतो. स्लो मोशनमध्ये, मागे गाणं लावून. मिरजकर तिकटीला कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण विचारणाऱ्याने तो तुमच्या आधी बघितलेला असतो. हे बरंच झालं म्हणायचं. आम्ही घरी आणलेल्या गोलांपैकी निम्म्यांना पुरावा नव्हता, आणि उरलेल्या निम्म्यांना असता तर ते ऑफसाइड निघाले असते.

शाळांचा सुब्रतो कप दिल्लीत 1960 पासून खेळला जातोय. आमच्यापुरता तो जिल्ह्याच्या फेरीत सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचा. ही फेरी ऐन पावसाळ्यात. आणि आमचं सरावाचं मैदान म्हणजे गांधी मैदान, जे पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. तळं बुजवलं हे माणसांना माहीत होतं, पावसाला कुणी कळवलं नव्हतं. तो जुलैत यायचा आणि जुन्या पत्त्यावर मुक्काम ठोकायचा. मग मधल्या भागात चेंडू तरंगायचा आणि कडेला पोरं घसरायची. लांबून बघणाऱ्याला दोन्ही संघ एकाच रंगाचे दिसायचे.

आम्ही, म्हणजे मी ज्यांच्या वतीने बोलतोय ते, संघात नव्हतो. संघात अकरा आणि राखीव चार. आम्ही उरलेले. आमच्या वाट्याला चेंडू यायचा तो सामन्याआधी, सायकलच्या दुकानात.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हे आता कुणी करत नाही. चेंडू चामड्याचा आणि आत रबरी ब्लाडर. त्या ब्लाडरला वीतभर नळी. दुकानदार नळी पंपाच्या तोटीला लावायचा आणि पायाने पंप दाबून धरत हवा भरायचा. चेंडू टम्म झाला की नळी दुमडायची आणि दोऱ्याने आवळायची. पहिला वेढा बसल्यावर कुणीतरी त्या वेढ्यावर बोट ठेवायचं, म्हणजे वरची गाठ मारेपर्यंत हवा निसटत नाही. ते बोट कुणाचं, यावर आमच्यात भांडणं झालेली आहेत. बोट लवकर काढलं तर फुस्स, उशिरा काढलं तर गाठीत अडकलं. मग नळी चामड्याच्या जिभेखाली सारायची आणि सायकलचा आरा वाकवून केलेल्या आकड्याने लेस ओवून घट्ट ओढायची. वरून खोबरेल तेलाचा हात. ज्याचं बोट गाठीवर होतं, तो त्या दिवशी सामना बघताना जरा पुढे उभा राहायचा. गोल झाला तर त्यातला काही भाग त्याचा असे.

आता पोरं जाळीच्या पिशवीत स्वतःचा चेंडू घेऊन येतात. सुई घातली, दोन मिनिटांत हवा. चेंडू पाणी पीत नाही, डोक्याला लेस लागत नाही. आमच्या वेळी भिजलेला चेंडू डोक्यावर घेणारा माणूस धाडसी नव्हता, नाइलाजाला आला होता. लेसचा ठसा कपाळावर संध्याकाळपर्यंत वाचता यायचा. नवा चेंडू शंभर पटीने चांगला आहे. फक्त त्याला कुणाच्या बोटाची गरज पडत नाही.

बुटांचंही तेच. तेव्हा एक जोडी दोघांत असायची, उजवा पाय एकाचा, डावा दुसऱ्याचा. ऐकायला गोड वाटतं, पण दुसऱ्या पायाला काय व्हायचं ते कुणी सांगत नाही. स्टडचे खिळे आतून वर यायचे. घोटा मुरगळला की हळद, आणि हळदीने नाही भागलं की हाड बसवणारा, ज्याच्या हातात गेलेला पाय कधी सरळ परतायचा, कधी नाही. आता दहावीतल्या पोराला फिजिओथेरपिस्टचं नाव तोंडपाठ असतं. हसावंसं वाटतं, पण आमच्यातले दोघं-तिघं आजही जिना एकेका पायरीने उतरतात, तेव्हा हसू आवरतं.

1986 च्या जूनमध्ये मॅराडोना टीव्हीवर दिसला आणि त्या पावसाळ्यात सगळ्यांनाच दहा नंबर हवा झाला. जर्सी म्हणजे रंगात बुडवलेले बनियन, त्यावर ऑइलपेंटने आकडा. पी.टी.च्या सरांनी दहा नंबर फुलबॅकला दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "दोन आकडी नंबर त्याच्याच पाठीवर मावतो." हा फुलबॅक दहावीला तिसऱ्यांदा बसलेला होता, आणि समोरच्या संघातला सेंटर फॉरवर्ड सामन्याआधी दाढी करून यायचा. वयाचा दाखला ही तेव्हा तडजोडीची बाब होती. आता जन्मदाखला, आधार, बोनाफाइड आणि वर फोटो जुळवून बघतात. चोऱ्या अजिबात बंद झाल्या असं नाही, पण निदान मिशा दिसत नाहीत.

आणखी एक कबुली द्यायला हवी. आमच्या या 'आम्ही'त मुली नव्हत्या. त्या शाळेच्या खिडकीतून बघायच्या, आणि बघताना सापडल्या तर बोलणी खायच्या. आता सुब्रतोत मुलींचा गट आहे. माझ्या मित्राची नात डाव्या बगलेवरून पळते, आणि ती पळते तसं आमच्यातला एकही पळत नव्हता. ती मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी भारी असायचं ना?" मी हो म्हणालो. तिला खिडकीत उभं करून बघितलं असतं तर म्हणवलं नसतं.

तेव्हाची ईर्षाही नुसती गोड नव्हती. दोन शाळांच्या सामन्यानंतर दगड उडालेत, सायकलींच्या चाकांतली हवा गेलीय, आणि एकदा तर रेफ्रीलाच आम्ही मागच्या दाराने बाहेर काढलंय. आमची उडी जिल्ह्यापर्यंत आणि आमचा राग पुढच्या पेठेपर्यंत. आताच्या पोरांना जग दिसतं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आम्हाला असं काही स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं, कारण आमचं स्वप्न खरी कॉर्नरच्या पुढे जात नव्हतं.

एवढं सगळं मान्य करूनही, मागच्या पावसाळ्यात एक शालेय सामना बघायला गेलो तेव्हा काहीतरी खटकलं आणि ते काय हे कळायला हाफटाइम उजाडला. तेव्हा हाफटाइमला मोसंबीच्या फोडी आणि तळहातावर चिमूटभर ग्लुकोज असे, आणि चोखलेली सालं आमच्याकडे फेकली जात. आता प्रत्येकाची बाटली वेगळी. पण खटकलं ते हे नव्हे. कडेला चाळीसेक माणसं होती, त्यांतलं प्रत्येक जण कुणाचं तरी आई-बाप होतं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचा कुठला?" मी म्हणालो, कुठलाच नाही. त्या जरा सरकून बसल्या.

तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम आजही फुलतं, तिथे कुणी कुणाला असं विचारत नाही. शाळेच्या सामन्याला मात्र ज्याचं संघात कुणी नाही असा माणूस येईनासा झालाय. आम्ही तर सगळे तसलेच होतो. ज्यांना बुडवलेलं बनियनसुद्धा मिळालं नाही, अशा पोरांची ती गर्दी.

घर बदलताना परवा माझी नववीची भूमितीची वही सापडली. मागच्या पानांवर पेन्सिलीने सामने लिहिलेले. आमच्या शाळेचा तो सामना, जो आम्ही पाच मित्र गेली पस्तीस-चाळीस वर्षं सांगत आलोय, 3-2, शेवटच्या मिनिटाला, भर पावसात, तोही त्यात होता. माझ्याच अक्षरात. 1-1. पुढे लिहिलंय, 'अंधार पडल्याने थांबवला. पुन्हा शनिवारी.'

बाकीच्या चौघांना आणि त्या दहा नंबरच्या फुलबॅकला फोन केला. एक म्हणाला 3-2, दोघं म्हणाले 2-1, एकाला तो सामना आठवतच नाही, आणि फुलबॅक म्हणाला, "शनिवारी सामना झालाच नाही, पाणी होतं." पण पाणी तर नेहमीच असायचं.

वहीत त्या शनिवारचं पान नाही, पुढे समरूप त्रिकोणांची प्रमेयं सुरू होतात. त्या वेळी कडेला उभं राहून कुणी स्कोअर लिहून ठेवला असेल तर कळवा.