रातोरात सुधारणा

'सुधारणा' हा शब्द आपल्याकडे एके काळीं मोठ्या भांडणाचा होता. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें त्या सुमारास, आधीं कोणती सुधारणा करावयाची, ती लोकांच्या संमतीनें व्हावी कीं सरकारच्या कायद्यानें, यावर कडाक्याचे वाद होत. आज माझ्या घरांत एका भिंतीवर दर दोन-तीन महिन्यांनीं सुधारणा होते. वाद तर राहोच, पण ती झाली ही बातमी सुद्धां आम्हां घरच्या माणसांस दुसरे दिवशीं सकाळीं कळते. ही सुधारणा आमच्या टेलिव्हिजनची. रात्रीं संच बंद केला असें आपण समजतों. पण तो बंद नसतो, नुसता डोळे मिटून पडलेला असतो. मध्यरात्रीं केव्हां तरी तो आपल्या कारखानदाराशीं संधान बांधतो, नवी आज्ञावली उतरवून घेतो, आणि सकाळीं कांहींच घडलें नाहीं असा चेहरा करून उभा राहतो.

या आज्ञावलीला 'फर्मवेअर' म्हणतात. १९६७ सालीं ॲशर ऑपलर या गृहस्थांनीं एका लेखांत हा शब्द योजला. यंत्राचें कठीण अंग तें हार्डवेअर, सहज बदलतां येणारें मृदु अंग तें सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधला थर तो फर्मवेअर. 'फर्म' म्हणजे दृढ. परंतु ज्याला दृढ म्हणावयाचें तेंच आज घरांतील सर्व वस्तूंत चंचल होऊन बसलें आहे! पाटा-वरवंटा घरांत आला त्या दिवशीं जसा होता तसाच नातसुनेच्या हातीं पडतो, झिजतो, एवढेंच. हा संच झिजण्याच्या आधींच निराळा होतो.

आमच्या आत्या आतां ८२ वर्षांच्या आहेत. डोळे अधू झाल्यामुळें वाचन सुटलें, गुडघ्यांमुळें देऊळ सुटलें. दुपारीं तीन वाजतां टेलिव्हिजनवर कीर्तन लावावयाचें हा त्यांचा नेम. तें लावण्याची विद्या त्यांना शिकविण्यास मला पंधरा दिवस लागले होते. पडद्यावरचीं अक्षरें त्यांना दिसत नाहींत. म्हणून 'उजवीकडचें बटण तीनदां, मग मधलें एकदां' असा एक मंत्रच त्यांनीं पाठ केला होता, आणि जपाची माळ ओढावी तशा त्या अंगठ्यानें तो म्हणत. गेल्या वर्षीं मे महिन्यांत एका रात्रीं सुधारणा झाली. दुसरे दिवशीं आत्यांनीं मंत्र म्हटला, आणि कीर्तनकाराच्या जागीं धडाधड गोळ्या झाडणारा एक मनुष्य प्रकट झाला. तिसऱ्या जागेवर कोणत्या तरी चित्रपटाची जाहिरात येऊन बसली होती.

"अरे," त्या मला म्हणाल्या, "हा आपला टी.व्ही. नव्हे रे. कोणी बदलून नेला काय?"

मला हंसूं आलें नाहीं. घरांत कोणाचें तोंड न पाहतां, कोणाला हांक न मारतां त्यांना करतां येण्यासारखी ही एकच गोष्ट उरली होती. त्यानंतर आठ दिवस त्या तीन वाजतां खुर्चींत येऊन बसत, कोणी मोकळें आहे कीं नाहीं हें बघत, आणि आपण होऊन विचारलें तर "राहूं दे, आज नको" म्हणत. ज्यानें कोणी दूरच्या कचेरींत बसून तें तिसरें चित्र हलविलें, त्याच्या हिशेबांत हें "राहूं दे" कोठेंच जमा होत नाहीं.

त्याच आठवड्यांत दुसरी तक्रार सुरू झाली. तासाभरानें चित्र अडखळूं लागे. दोन तासांनीं संच आपोआप मिटे. नागपूरचा मे महिना तो. पारा ४५ अंशांवर गेला तरी त्याची येथें बातमी होत नाहीं. सेवाकेंद्राला फोन केला. "नवी आवृत्ति आली कीं सर्व ठीक होईल" असें मधुर उत्तर मिळालें. जी सुधारणा बाधली तिच्यावर उतारा म्हणून पुढची सुधारणा! शेवटीं इतवारींतल्या एका जुन्या कारागिराला बोलाविलें. त्यानें हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वीं तळहात संचाच्या पाठीवर ठेवला आणि चटकन् काढून घेतला.

"काकाजी, हा तर तवा झाला!"

मग त्यानें जें सांगितलें तें कोणत्याहि माहितीपत्रकापेक्षां सरस होतें. या संचांत बहुधा पंखा नसतो. पडद्यामागचे दिवे, वीजपुरवठ्याचें पान आणि प्रोसेसर, यांचा सारा ताप पाठीच्या जाळींतून वर जाणाऱ्या हवेनेंच निघून जावयाचा. आमचा संच तर भिंतीला चिकटून, कोनाड्यांत, वरून फळी. हवा जाणार कोठून? संचाबरोबर आलेलें पुस्तक मीं काढून पाहिलें. खोलीची उष्णता ४० अंशांपर्यंत असावी असें त्यांत स्पष्ट छापलें आहे. म्हणजे विदर्भांतला अर्धा मे महिना हा संच स्वतःच्या नियमानेंच लावतां कामा नये. कपॅसिटर म्हणून जे लहान डबीसारखे भाग असतात त्यांचें आयुष्य दर दहा अंश वाढीला सुमारें निम्मे होतें, असा या धंद्यांतला जुना अडाखा आहे. प्रोसेसर मात्र शहाणा. तो तापला कीं आधीं काम मंद करतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर निजतो. आमचा संच मिटत होता तो बिघडून नव्हे, जीव वाचविण्यासाठीं.

"पण हाच संच, हाच कोनाडा, मागचाहि मे महिना, तेव्हां कसा चालला?" मीं विचारलें.

कारागिरानें पडद्याकडे बोट दाखविलें. पहिल्या पानावर आतां जाहिरातींचीं चित्रें एकसारखीं हलत होतीं. आज्ञावलीला स्वतःची उष्णता नसते. पण यंत्राकडून किती राबवून घ्यावें हें तीच ठरविते, आणि राबणारा तापतोच. "भिंत मी सोडवतों," तो म्हणाला, "आंतलें माझ्या हातीं नाहीं." त्यानें संच कोनाड्यांतून काढला, पायांवर उभा केला, मागें वीतभर जागा सोडली, आणि कूलरचा ओला झोत त्यावर येत होता तो वळविला. त्या दिवसापासून संच मिटणें थांबलें.

त्याचें तें वाक्य मला फार खरें वाटतें. तापाचा दोष जुन्या जातीचा आहे. २०११ सालीं सोनीनें जगभरचे सुमारें १६ लाख संच तपासून देण्याचें जाहीर केलें, कारण त्यांतला एक भाग तापून कड वितळण्याचा संभव होता. २०२० सालीं एल्. जी.नें दक्षिण कोरियांत सुमारें ६० हजार संचांच्या वीजपुरवठ्याचीं पानें अशाच कारणासाठीं बदलून दिलीं. तेथें माणसाला दाराशीं यावें लागलें, पेंच काढावा लागला. आज्ञावलीच्या दोषाला दार लागत नाहीं. २०१७ च्या ऑगस्टांत इंग्लंडांत सॅमसंगच्या कित्येक नव्याकोऱ्या संचांचे पडदे एका सुधारणेमुळें आंधळे झाले आणि मालकांना कांहीं दिवस नुसतें वाट पाहत बसावें लागलें. उलट, सुधारणा थांबल्या तरी सुटका नाहीं. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्सनें कांहीं जुन्या संचांवर दिसण्याचेंच सोडलें. ते संच धडधाकट होते. जग त्यांच्या पुढें निघून गेलें होतें.

या सुधारणा सर्वस्वीं वाईट असें मी म्हणत नाहीं. चोरवाटा त्यांनींच बुजतात, आणि जाळ्याला जोडलेल्या यंत्राला त्यांवांचून राहणें धोक्याचें आहे. माझें भांडण एवढेंच कीं, चोरवाट बुजविणारा गवंडी जातांना माझ्या देव्हाऱ्याची जागा कां बदलतो? दोन्ही कामें एकाच गांठोड्यांत बांधून येतात. एक घ्या, दुसरें परत करा, अशी सोय नाहीं.

माझ्या मुलीनें खटपट करून तें तिसरें चित्र पुन्हा तिसऱ्या जागीं आणलें, आणि सुधारणा आपोआप होण्याचा मार्गहि बंद केला. आतां संच विचारतो. आठ-पंधरा दिवसांनीं पडद्यावर एक चौकट येते, तिच्यांत दोनच बटणें: 'आतां' आणि 'नंतर'. 'नको' असें बटण नाहीं. मुलगी रविवारीं दुपारीं घरीं असते, तेव्हां 'आतां' म्हणावयाचें आणि लगोलग तीन बटणें मोजून पाहावयाचीं, असें आमचें ठरलें आहे. इतर दिवशीं चौकट आलीच तर आत्यांना ती वाचतां येत नाहीं, पण तिचा एक बारीक 'टुण्' असा आवाज होतो तो त्या ओळखतात. दारावर आलेल्या फिरत्या विक्रेत्याला जशा स्वरांत परतवीत तशाच स्वरांत त्या "रविवारीं ये" म्हणतात, एकदां उजवें बटण दाबतात, आणि मग माळ पहिल्यापासून सुरू करतात.