ळची कळ

प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असलेला यांत्रिक कळफलक ही निव्वळ चैन होय, असे माझे मत पस्तिशीपर्यंत ठाम होते. कोलकात्याच्या चांदनी चौकातील एका दुकानात ते डळमळले. खटक्याची निवड लवकर आटोपली. निळा खटका वडिलांच्या कचेरीतल्या गोदरेज टंकयंत्रासारखा वाजला आणि मन हेलावले. (ती यंत्रे १९५५ साली निघाली, २००९ साली बंद झाली.) परंतु दोन खोल्यांच्या सरकारी बिऱ्हाडात रात्री कोणाला झोपू द्यायचे असेल, तर कमी वाजणारा तपकिरीच बरा.

खरी अडचण कळींवरच्या टोप्यांची. "दादा, इंग्रजीच आहेत," दुकानदार म्हणाला. नागरी अक्षरे माझ्या बोटांना पाठ आहेत. इनस्क्रिप्ट पद्धतीत मराठीचा क जेथे, तेथेच बंगालीचाही. परंतु ही पद्धत मी शिकलो कचेरीतल्या हिंदीसाठी. हिंदीला ळ लागत नाही. बंगालीच्या तर तो गावीही नाही. बोटे ल वरच थांबू लागली. घरी मला बाळ म्हणतात. गेल्या दिवाळीत आईला टंकून पत्र धाडले, तिने उलट विचारले, "खाली 'तुझा बाल' अशी सही आहे. हा कोण?"

अखेर कोऱ्या टोप्या घेतल्या. पीबीटी प्लॅस्टिकच्या, लवकर गुळगुळीत न होणाऱ्या. इंग्रजी एनच्या जागेवरची तेवढी तांबडी. शिफ्टसह ती दाबली म्हणजे ळ उमटतो.

"ही एकच तांबडी का?" दुकानदाराने विचारले. मी ळ म्हणून दाखवला. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ल म्हणाला.