मधले रूळ

आबांनी पेणच्या आमच्या कारखान्यात ५० वर्षं गणपतीचे डोळे आखले. गेल्या आषाढात मात्र ते एका मूर्तीसमोर ब्रश धरून नुसतेच बसून राहिले. दोन डोळ्यांना अख्खी सकाळ गेली. ऑर्डरी रखडल्या होत्या. "आबा, झोप लागते का तुम्हाला?" असं म्हणत मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. सगळ्या कारागिरांसमोर.

महिन्याभराने त्यांची चालही मंदावली, तेव्हा पनवेलला एमआरआय काढला. राखाडी चित्रात जागोजागी पांढरे ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, "हात चांगला आहे, नजर चांगली आहे. मधली वाट खराब झालीये. इतक्या वर्षांच्या बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यात."

आबांना पेणला सोडून मी त्याच दिवा-रोहा गाडीने पुढे घरी निघालो. मोबाइलवर वाचत होतो. मेंदूचा करडा भाग म्हणजे स्टेशनं. पांढरा भाग, म्हणजे श्वेतद्रव्य, हे त्यांना जोडणारे रूळ. तंतूंवर मायलिनचं चरबीयुक्त आवरण असतं, म्हणून तो पांढरट दिसतो आणि निरोप झपाट्याने जातो. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. सगळी स्टेशनं धड असली तरी मधला रूळ खचला की गाडी रखडणारच.

हे तंतू एकेक करून एमआरआयला दिसत नाहीत. मग वाटेचा अंदाज पाण्यावरून घेतात. तंतूच्या लांबीने पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. ही दिशा मोजायची रीत पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली अमेरिकेत मांडली: डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. आम्हा खारेपाटातल्या लोकांना हे लगेच कळतं. बांध शाबूत तर पाणी खाडीतून सरळ जातं. बांध फुटला की शेतभर पसरतं. या पसरण्याला ० ते १ मध्ये आकडा देतात. ० म्हणजे सगळीकडे सारखंच, १ च्या जवळ म्हणजे जवळपास एकाच दिशेने.

पण दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे, दोन्ही धड असूनही, हा आकडा कमी येतो. म्हणजे यंत्रही कधीकधी चांगल्या वाटेला खराब समजतं. मीही तेच केलं होतं. यंत्राने निदान कुणाच्या हातातला ब्रश काढून घेतला नव्हता.

आबांना ही खास तपासणी लागली नाही, साध्या एमआरआयवरच भागलं. ठिपके पुसता येणार नाहीत. ते वाढू नयेत म्हणून रोज बीपीची गोळी, मीठ कमी, रोजचं चालणं.

रविवारी पेणला गेलो. माफी कशी मागायची ते कळेना, म्हणून त्यांना रुळांची गोष्ट सांगितली. आबा गप्प. पूर्वी मी मध्येच बोललो असतो. या वेळी थांबलो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हणजे गाडी रद्द नाय. लेट आहे."

मी ब्रश त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी त्यांनी एकच मूर्ती आखली.