सी३ चं प्यादं

दिंद्रुडात बुद्धिबळ शिकवायचं तर आधी ऊसतोडीचा हंगाम बघावा लागतो. दिवाळी सरली की वर्गातली कितीतरी पोरं आईबापाच्या कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. काही हंगामी वसतिगृहात मागे राहतात, बाकीची फडावर. येतात ती थेट पाडव्याच्या सुमाराला. त्यामुळे पांढऱ्या मोहऱ्यांनी काय खेळायचं हे ठरवताना सगळ्यात भारी ओपनिंग कोणतं, हे मी विचारतच नाही. इतके महिने पट न पाहिलेल्या पोराला काय आठवेल, एवढंच बघतो.

यावर लंडन पद्धत हा सोपा तोडगा आहे. डी४ खेळा, उंट एफ४ वर ठेवा, समोरचा काही का खेळेना, आपल्या चाली त्याच. पण त्याच चाली खेळता खेळता पोर समोरच्याकडे बघायचंच सोडतं. म्हणून मी ई४ वर अडून बसतो. आता ई४ ला काळ्याची उत्तरंही ढीगभर. ई५, सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, पर्क. प्रत्येकाची थिअरी पाठ करायची तर शाळा सोडावी लागेल. मग मी या सगळ्यांत कामाला येईल असं एकच प्यादं शोधलं, सी३ चं.

ई५ ला इटालियन, म्हणजे उंट सी४ वर, मग डी३, सी३, किल्लेकोट, आणि जमेल तेव्हा डी४. सिसिलियनला दुसऱ्याच चालीला सी३, म्हणजे अलापिन. फ्रेंचला ई५ रेटायचं आणि काळ्यानं सी५ करून डी४ वर दाब आणला की सी३ नं टेकू द्यायचा. कारो-कानला डी५ वर प्याद्यांची मारामारी, उंट डी३ वर, की पुन्हा सी३. १९७० साली बेलग्रेडला फिशरनं पेट्रोस्यानला हरवलं ते हीच मांडणी लावून. पर्कलासुद्धा उंट डी३ आणि सी३ चालून जातं.

अलापिनला कुणी पोरखेळ म्हटलं की मी १० फेब्रुवारी १९९६ चा डाव मांडतो. फिलाडेल्फियात डीप ब्लू या संगणकानं दुसऱ्या चालीला सी३ खेळून साक्षात कास्पारोव्हला हरवलं. पुढे तो सामना कास्पारोव्हनंच जिंकला, पण ते कुणी विचारलं तरच सांगायचं.

पारावरच्या म्हाताऱ्यांनाही सी३ पटतं. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे त्यांना ई४ मध्येच जरा घाई दिसते.

यात नुकसान होतं घोड्याचं. त्याच्या हक्काच्या घरात प्यादं बसलेलं, मग तो बी१ वरून डी२, एफ१ असा फिरत जी३ गाठतो. पोरांना हा फेरा कंटाळवाणा वाटतो. मला मात्र शिकवायला हाच आवडतो, कारण किल्लेकोटानंतर हत्ती ई१ वर गेल्याशिवाय एफ१ मोकळं होत नाही. कुठलं मोहरं कुणाची वाट बघतंय, हे इथं पटावर दिसतं. उलट मोबाइलवर फ्राइड लिव्हर या हल्ल्याचा व्हिडिओ पाहून आलेल्या पोराला चौथ्या चालीलाच घोडा जी५ वर न्यायचा असतो. समोरच्यानं डी५ करून पाचव्या चालीला घोडा ए५ वर आणला, की याचा उंट कोंडीत. प्यादं जास्त असूनही तोच पळत सुटतो आणि डावानंतर तक्रार करतो, "सर, त्यानं व्हिडिओतलं खेळलंच नाही ओ."

वहीत मी फार लिहू देत नाही. डाव झाला की समोरच्यानं आपली ओळखीची मांडणी कुठे मोडली ती चाल आणि तिचं एक उत्तर, एवढंच.

स्कँडिनेव्हियन आलं की मात्र वर्गात भांडण ठरलेलं. ई४, डी५, मारामारी, आणि काळ्याचा वजीर डी५ वर. सवयीनं सगळे ओरडतात, "सी३!" मी नाही म्हणतो. इथं ते घर घोड्याला द्यायचं, कारण तो वजिरावर चाल करूनच बाहेर येतो आणि काळ्याला वजीर पुन्हा हलवावा लागतो. मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "मग सर, तुम्हीच तर म्हणला होता..."

हो, म्हणलो होतो. पट मांडा.