चषक किती आणि सामने किती?

शालेय फुटबॉल स्पर्धेत एका गटाला एकच विजेता असावा की दोन-तीन असावेत, असा प्रश्न आमच्या भागातील काही क्रीडाशिक्षकांनी गेल्या पावसाळ्यात चर्चेला घेतला. आम्हालाही त्या बैठकीला बोलावले होते. वाचक बंधू-भगिनी म्हणतील की कंत्राटी कामगारांचे पगार, मुलांच्या फिया, रेशन हे सारे सोडून तुम्ही फुटबॉलच्या चषकाचे काय घेऊन बसलात? तसे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की हा चषक पोटापाण्यापासून वाटतो तितका लांब नाही. महाराष्ट्रात २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. यासाठी कागद लागतो, आणि तो कागद शालेय स्पर्धेच्या पायरीपायरीने वर चढत गेल्यावर मिळतो. पहिल्याच पायरीवर जो घसरला, त्याला कागदही नाही आणि खेळही नाही.

या पायऱ्या कशा आहेत, ते आपल्यापैकी बऱ्याच पालकांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. राज्यात असे ८ क्रीडा विभाग आहेत. मुलांचे आणि मुलींचे वयोगट वेगळे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील. यात एक गंमत अशी की क्रीडाखात्याच्या लेखी महापालिकेची हद्द हा स्वतंत्र जिल्हा असतो. त्यामुळे नकाशावर पुणे जिल्हा एक, पण शालेय खेळात जिल्हे तीन: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडून चिंबळीत पाऊल टाकले की आपण खेड तालुक्यात, म्हणजे ग्रामीणमध्ये गेलो. चाकणच्या शाळेतला मुलगा आणि भोसरीच्या शाळेतला मुलगा, दोघांचे बाप एकाच कंपनीच्या एकाच बसने पाळीला जातात, पण मुले एकमेकांशी खेळतील ती थेट विभागीय स्पर्धेत, दोघेही जिंकले तर. म्हणजे एका जिल्ह्यात एकच विजेता हा नियम आपल्याकडे आधीच मोडलेला आहे. तिघे जिल्हाविजेते आपण दरवर्षी आनंदाने मिरवतो, आणि त्यामुळे कोणाचे आकाश कोसळलेले नाही.

आमच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. अभ्यास झाला की मुले मागच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळतात. जागा म्हणजे एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला भंगाराचे दुकान. त्या मुलांमधून पालिकेच्या शाळेचा १७ वर्षांखालील संघ उभा राहिला आणि एका स्पर्धेत उतरला. शाळेत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नव्हते, म्हणून आम्ही कारखान्यातून अर्धी रजा टाकून सोबत गेलो. ड्रॉमध्ये पहिलाच सामना पडला तो हिरवळीचे स्वतःचे मैदान आणि पगारी प्रशिक्षक असलेल्या शाळेशी. आमच्या ११ जणांपैकी चौघांच्या पायात बूट होते, तेही दोघांना मोठे होत होते. निकाल ०-५. सामना संपल्यावर आमचा गोलरक्षक, जो त्या वर्षीच खेळायला लागला होता, घाम पुसत आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘काका, आपली पुढची मॅच कधी?’’

बाद पद्धत म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ‘‘पुढच्या वर्षी रे,’’ एवढेच आम्ही बोललो. पण पुढच्या वर्षी त्याचे वय गटाबाहेर जाणार होते. त्याची आई एका जेवणाच्या डब्याच्या ठिकाणी पोळ्या लाटते, तिने त्या दिवशी खाडा केला होता. ती काही बोलली नाही, पिशवीतली केळी मुलांना वाटली आणि आम्ही सारे पीएमपीच्या बसने परत आलो.

आम्ही हिशेबाचे माणूस. बी.कॉम. झालो, आयुष्य खतावण्या आणि हजेरीपत्रकात गेले. म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. समजा ३२ शाळा आहेत. बाद पद्धतीने एक विजेता ठरवायला ३१ सामने लागतात, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. पहिल्या फेरीतच १६ शाळा संपतात, म्हणजे मैदानात उतरलेली १७६ मुले. दुसऱ्या फेरीत आणखी ८ शाळा. ३२ पैकी २४ शाळांचे वर्ष जास्तीत जास्त दोन सामन्यांत आटोपते. वर्षभर सराव करायचा आणि तासाभरात घरी जायचे! जी शाळा श्रीमंत आहे तिचे बिघडत नाही. तिची मुले पैसे भरून क्लबात, अकादमीत, खासगी लीगमध्ये खेळतात. ज्यांना शालेय स्पर्धेवाचून दुसरे मैदानच नाही, त्यांनाच ही पद्धत सर्वांत आधी घरी पाठवते.

बैठकीत एका सरांनी अमेरिकेचे उदाहरण दिले. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा, लांबोळका चेंडू हातात घेऊन धावायचा. पण शाळांची व्यवस्था विचार करण्यासारखी आहे. टेक्सास राज्यात शाळांचे पटसंख्येप्रमाणे ६ वर्ग केलेले आहेत आणि प्रत्येक वर्गात पुन्हा दोन भाग. त्यामुळे एकाच हंगामात एकाच राज्यात १२ राज्यविजेते होतात. सर्वांत मोठ्या वर्गात तर प्रत्येक जिल्ह्यातून ४ शाळा पुढे जातात. त्यांतल्या जास्त पटाच्या दोघी एका चषकासाठी आणि कमी पटाच्या दोघी दुसऱ्या चषकासाठी खेळतात. शेवटी त्या वर्गाचे दोन विजेते उभे राहतात आणि ते एकमेकांशी कधी भिडतच नाहीत. तिथेही यावर वाद आहेच. काही म्हणतात, चषक स्वस्त झाला. काही म्हणतात, ३००० पटाच्या शाळेसमोर निम्म्या पटाच्या शाळेला उभे करणे हाच अन्याय. आपल्याकडे पटाचा विचारच नाही. ३०० मुलांची शाळा आणि ३००० मुलांची शाळा एकाच ड्रॉच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हे सांगितले तेव्हा खेड तालुक्यातले आमचे एक सहकारी, ज्यांचे सारे बालपण तालमीत गेले, ते उसळले. ‘‘काय राव, गदा एकच असते. दोन गदा दिल्या तर मग कुस्ती कशाला लावायची?’’ आम्ही त्यांना हळूच २०२३ ची आठवण दिली. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालत आलेली स्पर्धा. त्या नोव्हेंबरमध्ये ती दोन ठिकाणी झाली. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख जिंकला, आणि धाराशिवला आपल्या खेडच्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे. दोघेही थोर मल्ल, दोघांनीही घाम गाळला. पण महाराष्ट्र केसरी कोण, असे मुलाने विचारले तर बापाने काय सांगावे? ते दोन विजेते पैलवानांसाठी केलेले नव्हते, संघटकांच्या भांडणातून झालेले होते. सहकारी म्हणाले, ‘‘म्हणून तर म्हणतो, एकच हवा.’’ त्यांचे म्हणणे त्या बाबतीत आम्हाला पटते. खेळ चालवणाऱ्यांच्या सोयीसाठी विजेते वाढले तर तो खेळाडूंचा अपमान आहे.

मुलींच्या फुटबॉलमधलेही एक ताजे उदाहरण आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्याला दक्षिण आशियाई १९ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि बांगलादेश यांच्यात झाला. सामना १-१ बरोबरीत, मग पेनल्टी किक. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा मुलींनी गोल केले, गोलरक्षकांनीसुद्धा! ११-११. पुढे किक चालू ठेवायच्या की कसे यावर घोळ झाला, नाणेफेक झाली, भारत जिंकल्याचे जाहीर झाले, बांगलादेशच्या मुली मैदानातून हटेनात, प्रेक्षक खवळले. बऱ्याच वेळाने दोन्ही देश संयुक्त विजेते जाहीर करण्यात आले. आम्हाला विचाराल तर झाले ते बरेच झाले. नाण्याने ठरलेल्या विजयापेक्षा वाटून घेतलेला चषक केव्हाही चांगला. पण तिथे दोन्ही संघ एकमेकींशी शेवटच्या किकपर्यंत झुंजले होते, हे विसरू नये. कागदावर आधीच दोन विजेते ठरवून ठेवणे ही गोष्ट वेगळी.

आता आमच्या मनात खरोखर सलते ते सांगतो. बैठकीत ठराव आला की ‘साधनसंपन्न शाळा’ आणि ‘साधनहीन शाळा’ असे दोन गट करावेत आणि दोघांचे दोन विजेते करावेत. हेतू चांगला, सूचना मांडणारे सरही भले. तरी आमचा हात वर गेला नाही. आमच्या पिढीला आठवत असेल, बोर्डाचा निकाल लागला की पेपरात गुणवत्ता यादी यायची आणि खाली वेगळी ओळ असायची: मागासवर्गीयांतून प्रथम. ज्या घरी ते नाव असे तिथे पेढे वाटले जात, आम्हीही वस्तीत मिरवणूक काढलेली आहे, आणि त्याचा अभिमानच आहे. पण त्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे कोणी ना कोणी विचारायचेच, ‘‘सगळ्यांत कितवा आलास?’’ राखीव जागा ही दारातून आत जाण्याची हक्काची व्यवस्था आहे, तिच्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आत गेल्यावर पेपर सर्वांना एकच असतो. चेंडूला लाथ मारण्याआधीच ‘साधनहीन’ असा शिक्का छातीवर लावला तर त्या चषकावर तो शिक्का कोरलेला राहील. आमच्या गोलरक्षकाला बूट द्या, मैदान द्या, सामने द्या. त्याची वेगळी पंगत नको.

आणि कागदाचेही भान ठेवले पाहिजे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेत. प्रत्येक गटात तीन-चार जिल्हाविजेते निघू लागले तर असल्या दुकानदारांचे फावेल, आणि खरा खेळाडू तपासणीच्या रांगेत ताटकळेल. कागद देणारा चषक एकच असावा, तो मैदानावरच मिळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग उपाय काय? आम्ही बैठकीत तोच रात्रीचा कागद पुढे ठेवला. ३२ शाळांचे चार-चारचे ८ गट करा, चिठ्ठ्या टाकून, कोण श्रीमंत कोण गरीब न पाहता. गटात साखळी पद्धत, प्रत्येकाला तीन सामने. एका गटात ६, एकूण ४८ सामने. गटात पहिले आलेले ८ संघ मुख्य चषकासाठी बाद पद्धतीने खेळतील, ७ सामने. दुसरे आलेले ८ संघ दुसऱ्या चषकासाठी, आणखी ७. एकूण ६२, म्हणजे आजच्या बरोबर दुप्पट. विजेते दोन होतील, पण कोण कोणत्या चषकासाठी खेळणार हे शाळेच्या पटावरून किंवा पालकांच्या पगारावरून नव्हे, तीन सामन्यांच्या निकालावरून ठरेल. शेवटच्या क्रमांकाची शाळासुद्धा तीनदा मैदानात उतरेल. पहिल्या सामन्यात ०-५ हरलेला गोलरक्षक दुसऱ्या सामन्यात काय करतो, हे कोणाला तरी दिसेल. कदाचित एखाद्या प्रशिक्षकाला दिसेल. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात आपल्याकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, रिक्षाचालकाचा मुलगा. अशी मुले कोणाच्या तरी नजरेस पडावी लागतात, आणि एका सामन्यात नजर बसत नाही.

आक्षेप आले, ते खरेही आहेत. मैदाने कुठून आणणार? पंचांचे मानधन कोण देणार? पावसाळ्यात दिवस वाया जातात. दोन मैदानांवर रोज चार-चार सामने धरले तर ३१ सामन्यांना ४ दिवस लागतात आणि ६२ ला ८. एका सरांनी सरळ सांगितले, ‘‘शाळा आम्हाला आठ दिवस सोडत नाही.’’ त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांची कुंपणाआडची मैदाने रविवारी रिकामी पडलेली असतात, ती शाळांना मिळाली तर अर्धा प्रश्न सुटेल, इतके आम्ही बोललो. ठराव काही झाला नाही. चहा झाला, सह्या झाल्या.

म्हणून आता आम्ही वस्तीतच सुरुवात केली आहे. येत्या एप्रिलमधल्या तीन रविवारी ८ संघांची स्पर्धा ठेवली आहे, चार-चारचे दोन गट. बाद पद्धतीने ७ सामने झाले असते, असे १४ होतील. दोन गटांतले पहिले दोघे एका चषकासाठी, दुसरे दोघे दुसऱ्या चषकासाठी. एका कारखान्याने मैदान द्यायचे कबूल केले आहे, पाण्याचा टँकर आमचा. पंच म्हणून दोन निवृत्त क्रीडाशिक्षक विनामोबदला येणार आहेत, त्यांच्या जेवणाची सोय महिला मंडळाने घेतली आहे. बुटांचे ११ जोड जमले, आणखी हवे आहेत. ६ ते ९ नंबरचे जुने बूट कोणाकडे पडून असतील तर अभ्यासिकेत आणून द्यावेत. नदीपलीकडच्या चिंबळीच्या संघाने निरोप पाठवला आहे की आमचा सामना सकाळी आठला लावू नका, टेम्पो चालवणारे पालक रात्रपाळी करून साडेआठला सुटतात. त्यांचा सामना दहाला ठेवला आहे.