ऐकलेल्या इशाऱ्याचा पुरावा

बायबलमध्ये देवाचा इशारा एकाच वाटेने येत नाही. नोहाला तो थेट मिळतो, योसेफाला स्वप्नात, दावीदाला नाथान संदेष्ट्याच्या तोंडून, आणि बलामाला तर स्वतःच्या गाढवीकडून. रोजच्या ख्रिस्ती जीवनात आकाशवाणी क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. तिथे इशारा येतो तो आज्ञांमधून, टोचणाऱ्या सद्सद्विवेकबुद्धीतून, नाहीतर शेजारी उभ्या माणसाच्या बोलण्यातून. आणि तोही बहुधा ऐन कामाच्या घाईत.

पालघर-बोईसर पट्टा १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेली परप्रांतीय ख्रिस्ती कुटुंबेही इथे आहेत, आणि चर्चखेरीज घरोघरी प्रार्थनासभा भरतात. या सभांतून साक्ष देण्याची पद्धत आहे. कोणी उठून सांगतो की मनात खटकले म्हणून अमुक रिक्षात बसलो नाही, आणि पुढे ती रिक्षा उलटली. ऐकणाऱ्यांना हुरूप येतो, यात वाद नाही. पण अशा साक्षींमुळे एक समज पक्का होतो की संकट प्रत्यक्ष कोसळले तरच इशारा खरा.

या समजाला बळ देणारी गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे. २७व्या अध्यायात कैदी पौल क्रेत बेटावरच्या बंदरात सांगतो की हंगाम उलटला आहे, आता जहाज हाकारू नका. शताधिपती मात्र तांडेल आणि जहाजमालक यांच्यावर विसंबतो. दक्षिणेचा मंद वारा सुटतो तेव्हा सगळ्यांना पौल घाबरट वाटला असणार. मग वादळ येते, माल समुद्रात टाकावा लागतो, जहाज फुटते. २७६ माणसे तेवढी जीव वाचवून किनाऱ्याला लागतात. सातपाटीच्या मच्छीमाराला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. कारखान्यातल्या माणसाने तिच्यातला जहाजमालक नीट पाहावा. तो दुष्ट नाही, त्याला फक्त माल वेळेवर पोचवायचा आहे.

प्रस्तुत लेखक तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट सांभाळत असतानाचा प्रसंग या जहाजमालकाची आठवण करून देणारा आहे. रात्रपाळीत एक रिअ‍ॅक्टर आतून साफ करायचा होता. अशा कामाला परमिट लागते: नायट्रोजनची लाइन तोडून ब्लाइंड, म्हणजे ती बंद करणारी चकती, टाकायची, आत हवा खेळवायची, मीटर सोडून ऑक्सिजन मोजायचा आणि मगच माणूस उतरवायचा. नायट्रोजनला ना रंग, ना वास. आत तो साठलेला असला तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. मीटर त्या वेळी दुसऱ्या प्लांटवर गेला होता. "अहो, मॅनहोल दुपारपासून उघडाच आहे, आकडा टाका आणि करा सही, पोरं थांबलीत," असे वरिष्ठांनी सांगितले. उतरणारा हेल्पर डहाणूकडचा वारली तरुण होता. हार्नेस चढवून तो मॅनहोलपाशी बसला होता.

न मोजलेला आकडा परमिटवर लिहिणे ही खोटी साक्ष, आणि त्या आकड्याच्या भरवशावर माणूस उतरवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे. या दोन्हींना मनाई करणाऱ्या आज्ञा धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच पाठ होतात. लेखकाने सही केली नाही. मीटर येईपर्यंत काम खोळंबले, आणि मोजल्यावर ऑक्सिजन निघाला २०.८ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. हेल्पर उतरला, काम झाले, बॅच उशिरा लागली. उगाच वेळ घालवला, असा शेरा शिफ्ट संपायच्या आत कानावर आला.

प्रार्थनासभेत साक्ष म्हणून हा प्रसंग कोणी सांगणार नाही. त्यात काही घडलेलेच नाही. पण योनाच्या पुस्तकातही हेच आहे. चाळीस दिवसांत नाश होईल हा योनाचा इशारा निनवे शहर ऐकते, उपास करते, राजा राखेत बसतो, आणि चाळीस दिवसांनी शहर जागच्या जागी उभे असते. आपला शब्द खोटा पडला म्हणून योना रुसतो. ऐकलेल्या इशाऱ्याला पुरावा उरत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांकडून शाबासकी मिळेल या आशेवर आज्ञापालन फार काळ टिकत नाही.

अर्धवट आज्ञापालनाचा प्रश्न याहून अवघड आहे. शौल राजा अमालेक्यांविरुद्धची आज्ञा बरीचशी पाळतो, पण उत्तम मेंढरे राखून ठेवतो, आणि कारण विचारल्यावर ती देवाला अर्पण करण्यासाठी असल्याचे सांगतो. शमुवेल संदेष्टा ते मानत नाही. असे अर्धवट पालन तारापूरलाही दिसते. तिथल्या कारखान्यांच्या सांडपाण्याची तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली. नवापूरच्या खाडीतली मासळी गेल्याचे कोळी-मांगेले मच्छीमार त्याआधीपासून सांगत होते. त्यांना बायबलच्या अर्थाने संदेष्टे म्हणण्याची गरज नाही. पण रविवारी न चुकता मिस्सेला जाणाऱ्या आणि दानपेटीत सढळ हाताने टाकणाऱ्या कारखानदाराला किंवा नोकरदाराला शौलाची मेंढरे इथे ओळखू यावीत.

यहेज्केलच्या ३३व्या अध्यायात पहारेकऱ्याची जबाबदारी सांगितली आहे. तलवार येताना पाहूनही त्याने रणशिंग फुंकले नाही, तर मेलेल्याचा जाब त्याला द्यावा लागतो. फुंकूनही कोणी ऐकले नाही, तर तो मोकळा. म्हणजे इशारा स्वतःपुरता पाळून भागत नाही, तो पुढच्याला कळवावाही लागतो, आणि पुढचा ख्रिस्ती असेलच असे नाही. त्या हेल्परला आज्ञांचे क्रमांक सांगण्यात अर्थ नव्हता. नायट्रोजन काय करतो आणि मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर आत का उतरायचे नाही, एवढे त्याला समजावले. पुढच्या परमिटच्या वेळी मीटर कुठे आहे, हे त्यानेच आधी विचारले.